पाच तुकड्यांचं तळं

वर्तकनगर, ठाणे
१८ जानेवारी

वैशाली,

जय भीम. भांडायला लिहीत नाहीये, ड्रिल मारायला लिहितेय.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. तुझ्या दाराची बेल मी वाजवणार नाही. आणि आपला सेक्रेटरी कुंडलिक म्हणतो की दोन फ्लॅटच्या मधल्या सामाईक भिंतीला भोकं पाडायची तर पलीकडच्यांची लेखी संमती लागते. मी त्याला बोलले, अरे, पलीकडे काय परकं माणूस आहे का, माझी धाकटी जाऊ राहते. तर म्हणतो, "मावशी, म्हणूनच लेखी पाहिजे." सगळ्या बिल्डिंगला माहीत झालंय म्हणजे. म्हणून हे पत्र खाली तुझ्या टपालपेटीत टाकतेय. एका भिंतीच्या अंतरासाठी मी सहा मजले उतरणार आणि तू पण उतरणार. उतर, तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.

हॉलमध्ये मोठं चित्र लावायचंय. हल्ली ते तुकड्या-तुकड्यांचं मिळतं ना, पाच फळ्या शेजारी शेजारी टांगायच्या आणि सगळ्या मिळून एक चित्र, तसलं. आता म्हणशील, ताईला म्हातारपणी नटायचं सुचलंय. नटायचं नाहीये, झाकायचंय.

जुन्या वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या बदल्यात दोघा भावांना शेजारी शेजारी फ्लॅट मिळाले, तेव्हा मधल्या भिंतीत येण्याजाण्यापुरती चौकट आपणच पाडून घेतली होती. दार लावलं नाही, लागतंय कशाला म्हणून. आणि आपल्या सम्यकच्या साखरपुड्यानंतर दोन दिवसांनी आम्ही कल्याणला गेलेलो, परत आलो तर चौकटीत पांढरे ब्लॉक रचलेले. निरोप नाही, शब्द नाही. आमच्या बाजूचं प्लॅस्टर मग आम्ही करून घेतलं, रंग मारला. आम्ही काय कमी? तर आता त्या प्लॅस्टरला चीर पडलीये. दुसरीकडे कुठे नाही, बरोब्बर चौकटीच्या रेषेवर. वर एक आडवी, बाजूला दोन उभ्या. दोनदा पुट्टी भरली, दोनदा पुन्हा उघडली. हॉलमध्ये पाय ठेवला की पहिलं दारच दिसतं.

सम्यकच्या लग्नाला माझा भाऊ त्र्यंबक आणि वहिनी येणार आणि उतरणार आमच्याकडे. ती वहिनी कशी आहे तुला ठाऊक आहे. चीर बघेल, मग माझ्याकडे बघेल, मग म्हणेल, "अगंबाई." तिचं ते अगंबाई ऐकण्यापेक्षा मी चित्र लावेन.

आता पत्रिकेचं. मिळाली. टपालपेटीत होती, लाईटबिलाच्या खाली. लिफाफ्यावर "श्री. जगन व सौ. मंजुळा, सहकुटुंब". अक्षर तुझ्या रवीचं दिसतं. घरच्या माणसाला कोणी पत्रिका देतं का गं? घरच्यांना कामं सांगतात. हॉल बघून या, आचाऱ्याला फोन करा, बाकीच्यांच्या लिफाफ्यांवर नावं घाला. पत्रिका देतात पाहुण्यांना. तुझी बाळंतपणाची रजा संपली त्या दिवसापासून ज्याला मी मांडीवर घेतलं, त्याच्या लग्नात मी पाहुणीसारखं यायचं, जेवायचं, पाकीट द्यायचं आणि लिफ्टने वर यायचं?

पाहुणी म्हणून मी येणार नाही. घरची म्हणून बोलावलंस तर येईन, नाहीतर त्या दिवशी घरात बसून चित्र बघेन. हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ताईने ऐन वेळी तमाशा केला.

संमती याच कागदाच्या मागे लिहून माझ्या पेटीत टाक.

मंजुळा


२२ जानेवारी

वैशाली,

"हरकत नाही. वै."

एवढंच? इतकी वर्षं आपण एका डब्यातलं पीठ मळलं आणि तुला सही पण पूर्ण करवत नाही? बँकेतली बाई पण "धन्यवाद" लिहिते. असू दे. कुंडलिकला दाखवलं, त्याने फाईलला लावलं, आता तू मागे फिरू शकत नाहीस.

काल आम्ही डोंबिवलीला मानपाडा रोडवर गेलेलो. तिथे फर्निचरची दुकानं आहेत ना, त्यातल्याच एकात वरचा अख्खा मजला चित्रांचा. आमच्या ह्यांना मी बोलले होते की तुम्ही गप्प बसायचं, तर हे खरंच गप्प बसले. कोचावर जाऊन बसले आणि दुकानदाराने दिलेला चहा पीत राहिले. मला मेलीला एकटीलाच सगळं बघावं लागलं.

सात घोडे. सगळ्यात जास्त तेच खपतात म्हणे. "मॅडम, घोडे घराच्या आत धावताना पाहिजेत, बाहेर धावताना नको, लक्ष्मी जाते." मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे वास्तुशास्त्र चालत नाही, आणि माझ्या हॉलमध्ये सात घोडे धावायला लागले तर मी बसू कुठे? मग त्याने माझ्या गळ्यातल्या लॉकेटकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लगेच उजेड पडला. आतून बुद्धांचा चेहरा काढला. पाच फळ्यांवर. "हा तर हल्ली सगळ्याच हॉलमध्ये चालतो, मॅडम. एकदम पीसफुल." वैशाली, तुला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. एक डोळा एका फळीवर, दुसरा तिसरीवर, मधे नाक, कान पार टोकाला. ज्यांना सकाळी हात जोडते त्यांचा चेहरा मी पाच ठिकाणी कापून खिळ्याला टांगू? दुकानदार म्हणे, लांबून बघितलं की फटी दिसत नाहीत. मी म्हटलं, मला जवळून बघायची सवय आहे.

तेवढ्यात हे कोचावरून बोलले, "फट तर राहणारच. पण चित्र एकच आहे ना." काय त्यांना सांगायचं होतं देव जाणे. म्हणजे कोणीतरी जाणे.

मग झाडं पाहिली, धबधबे पाहिले, कुठल्या तरी परदेशातला मनोरा पाहिला. दोन तास उभी होते. तुला खरं सांगते, मला एक काही पसंत करता येईना. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. कुकरपासून सोफ्यापर्यंत या घरातली एक वस्तू मी चटकन घेतली नाही असं झालेलं नाही आणि काल हात लावीन ते नको वाटत होतं. शेवटी दुकानदाराने वैतागून कॅटलॉगची पानंच फाडून दिली. घरी बघा म्हणाला.

ती पानं सोबत टाकतेय. मत मागत नाहीये. भिंत सामाईक आहे, तर तिच्यावर काय लागणार हे पलीकडच्यांना कळवलेलं बरं, एवढ्यासाठी. बघून परत टाक, दुकानदाराला द्यायची आहेत.

मंजुळा


२७ जानेवारी

वैशाली,

पानं मिळाली.

घोड्यांवर फुली, चेहऱ्यावर "अजिबात नको", धबधब्यावर "सारखी लघवीला जावंसं वाटेल", आणि कमळाच्या तळ्याखाली "हे बरंय. सोफ्याला जाईल." तुला कोणी विचारलं होतं? मी स्पष्ट लिहिलेलं की मत मागत नाहीये.

तळंच सांगितलंय दुकानदाराला. तू म्हणालीस म्हणून नाही. मला ते आधीपासून आवडलेलं. धबधब्याचं वाचून हे इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. गेल्या दोन-अडीच महिन्यांत या घरात कोणी हसलं नव्हतं.

पण तू सोफ्याचं लिहिलंस आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. सोफा आठवतो तर मी नाही आठवत?

एकदा लिहूनच टाकते, कारण बोलायची तर तू सोय ठेवली नाहीस. साखरपुड्याच्या दिवशी तुझ्या वॉर्डात पेशंट सिरीयस झाला, तू अडकलीस, यात तुझी चूक नव्हती. शहाडहून प्रीतीकडची माणसं सकाळीच आलेली, हॉल दुपारपर्यंतचाच होता, मॅनेजर सारखा येऊन घड्याळ दाखवत होता. रवी तुला फोन करतोय, लागत नाहीये. प्रीतीची आई साडी घेऊन उभी, मुलाच्या आईला मान द्यायचा म्हणून. कोणीतरी मागून म्हणालं, मोठीने वाढवलाय त्याला, बसू दे मोठीला. मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. तिने साडी माझ्या खांद्यावर टाकली, हार घातला, फोटोवाल्याने फोटो काढला. आणि मी वर बघते तर दारात, चपलांच्या ढिगापाशी, तू. केसांना अजून हॉस्पिटलची पिन.

मी उठत होते. तुला माहीत आहे मी उठत होते. तू हाताने खूण केलीस, बस, बस. हसलीस पण. म्हणून मी बसले. मला काय माहीत की ते हसू कुठल्या दुकानातलं होतं? राग आला होता तर तिथेच बोलायचंस, चार शिव्या द्यायच्यास, मी ऐकल्या असत्या. साडी काढून तुझ्या खांद्यावर टाकली असती. ते सगळं पोटात ठेवून घरी यायचं आणि दोन दिवसांनी गवंडी बोलवायचा. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही तुझा. ती साडी मी नेसले नाही. कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

दुसरं. सम्यकचा काल पुण्याहून फोन आला होता. म्हणाला, "मोठी, तू नाही आलीस ना, तर मी पण लग्नाला उभा राहणार नाही. मम्मीला तसं सांगितलंय मी." मी त्याला असा झापला की बस. म्हटलं, गाढवा, आईला धमक्या देतोस? तिने रात्र रात्र उभं राहून तुझी इंजिनिअरिंगची फी भरलीये. मी आले नाही तर तो माझा आणि तिचा प्रश्न, तू मुकाट्याने उभा राहायचंस आणि हसायचंस. तो रडायला लागला. एवढा मोठा घोडा. मग मी पण.

हे तुला सांगितलं कारण तुला वाटेल मीच त्याला भरीस घालतेय. मी नाही घालत. शपथ घेत नाही, पण नाही घालत.

मंजुळा


४ फेब्रुवारी

वैशाली,

फळ्या आल्या. पाच खोकी आहेत, हॉलमध्ये चालायला जागा नाही. लावायला उत्तम म्हणून एक जण येणार आहे, दुकानवाल्यांचाच माणूस. येत्या शनिवारी, सोसायटीच्या वेळेत, सकाळी दहा ते एक. त्यानंतर ठोकाठोक केली की कुंडलिक वर येतो.

शुक्रवारी तुझी नाइट असेल तर पेटीत चिठ्ठी टाक, मी उत्तमला रविवारी बोलावते. नाइट करून आलीस आणि डोक्याशी ड्रिल घरघरलं तर तुझं अर्धं डोकं दुखतं ते दोन दिवस राहतं. मला काय, मला कुठलाही दिवस चालतो.

पलीकडे भिंतीला लागून काय ठेवलंयस मला माहीत नाही. काचेचं काही असेल तर सरकवून ठेव.

लग्नाला तीन आठवडे राहिलेत. आज सकाळी जिन्यापाशी रवी दिसला, हातात केळीच्या पानांचा आणि मांडवाचा कसला तरी कागद. मला बघून थांबला, तोंड उघडलं, मग म्हणाला, "वहिनी, लिफ्ट चालू आहे का?" लिफ्टमधूनच बाहेर आला होता बिचारा. त्याला असं मधल्यामधे चिरडू नकोस. मी पण चिरडत नाही.

काल यांनी विचारलं, आपण लग्नाला जायचं की नाही ते नक्की काय ते सांग, मला पांढरा शर्ट शिवायला टाकायचाय. मी म्हटलं, टाका शिवायला, शर्ट काय लग्नातच घालतात का? शर्ट टाकलाय शिवायला.

मंजुळा


८ फेब्रुवारी, शनिवार

वैशाली,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आज केलं. पण पहिल्यापासून सांगते.

उत्तम वेळेवर आला. शिडी, ड्रिल, पातळी बघायची ती बुडबुड्याची पट्टी, सगळं नीट. आधी त्याने पाचही फळ्या जमिनीवर मांडल्या आणि मला म्हणाला, "काकू, चित्र कशासाठी लावताय?" मी म्हटलं, चीर झाकायला. त्याने भिंतीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि डोकं खाजवलं. "काकू, चीर उभी आहे. चित्र आडवं आहे."

आम्ही रुंदी मोजली होती गं. दोघांनी मिळून टेप धरला, हे एका टोकाला, मी एका टोकाला. उंची मोजायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तळं भिंतभर पसरेल, कमळं येतील, पाणी येईल, वरची आडवी चीर गायब होईल. आणि तळ्याच्या खालून दाराचे दोन पाय थेट जमिनीपर्यंत. झाकायला गेले आणि आता तर माणूस विचारणारच, चित्राला पाय कसले? तू असतीस तर दुकानातच म्हणाली असतीस. तू आधी उंची बघतेस, पडद्यांची, कपाटांची, नवऱ्यांचीसुद्धा.

मी म्हटलं, आता आणलंच आहे तर लाव. बाजूच्या चार फळ्या जुन्या भिंतीवर पटापट लागल्या. मधली राहिली. ती बरोब्बर तुझ्या ब्लॉकवर येत होती. उत्तमने ड्रिल लावलं, जरा दाबलं, आणि ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. आरपार. तो घाबरला, मी घाबरले, हे बाथरूममधून साबणासकट बाहेर आले. उत्तमने ड्रिल उलटं फिरवून बाहेर खेचलं. "काकू, पलीकडून प्लॅस्टरच नाहीये. नुसते ब्लॉक रचलेत. मला वाटलं पूर्ण भिंत आहे."

आणि ड्रिलच्या टोकाला दोरा गुंडाळलेला. पिवळा. मधे मधे जरीचा.

मी तो दोरा हातात घेतला. उत्तम म्हणत होता, काकू, पलीकडचं कापड फाटलं वाटतं, मी बोलू का त्यांच्याशी, भरून देतो. मी काही ऐकत नव्हते. तो पिवळा पडदा आपण कल्याणच्या बाजारातून घेतला होता, चौकटीला लावायला. तू म्हणत होतीस हिरवा, मी म्हणत होते पिवळा, आणि सम्यक मधे उभा राहून म्हणाला होता, आता मला भूक लागलीये, पिवळाच घ्या. मला वाटलेलं तू तो फाडून फरशी पुसायला घेतला असशील. मी तुझ्या जागी असते तर घेतला असता.

वैशाली, मी आता सरळ विचारते. तू प्लॅस्टर का केलं नाहीस? रंग का मारला नाहीस? ब्लॉक रचून तो पडदा पुन्हा त्याच जागी कशाला टांगलास? त्या दिवशी मला वाटलं होतं की तू मला घरातून कापून टाकलंस. मी आमच्या बाजूने घाईघाईने प्लॅस्टर केलं ते रागाने केलं, दुखलं म्हणून केलं. पहिल्या दिवशी तर मी सवयीने चहाचा कप घेऊन त्या भिंतीपाशी गेले होते. कप हातात, समोर ब्लॉक. तशीच उभी होते. आणि तू तिकडे पडद्यामागे अर्धवट भिंत ठेवून बसली आहेस?

आरपार गेलं तेव्हा तू घरात होतीस. मला तुझं खोकणं ऐकू आलं, धूळ गेली असेल. दोघी दोन्हीकडे उभ्या, मधे बोटाएवढं भोक.

उत्तमला मी परत पाठवलं. मधली फळी सोफ्यामागे उभी आहे. भोक बुजवायला तो सिमेंट देत होता, मी म्हटलं नको, सोमवारी बघू. पडद्याचं नुकसान मी भरून देईन असं लिहायला बसले होते, पण ते लिहायचं नव्हतं. वरचं लिहायचं होतं.

मंजुळा


९ फेब्रुवारी, रविवार

वैशाली,

हे पत्र टपालपेटीत नाही, तुझ्या दाराखालून सरकवतेय. तू जागी असलीस तरी दार उघडू नकोस, आधी वाच.

सकाळी मी हॉल झाडत होते आणि भिंतीतून आवाज आला. "ताई, आहेस का?" माझ्या हातातला झाडू पडला. एवढ्या दिवसांनी ताई ऐकलं आणि मी मूर्खासारखं काय उत्तर दिलं तर, "भिंतीशी कोण बोलतंय?" तू म्हणालीस, "भिंतच बोलतेय." मला तुझा श्वास ऐकू येत होता, सर्दी झालीये तुला, वाफ घे.

मग तू म्हणालीस, "हळदीच्या दिवशी मला रजा मिळत नाहीये. संध्याकाळपर्यंत ड्यूटी आहे. शहाडची माणसं हळद घेऊन दुपारीच येणार. मुलाच्या आईच्या जागी कोणीतरी बसायला पाहिजे." नाक ओढलंस. "तू बस, ताई."

मी काय बोलले ते तू ऐकलंस. दूध उतू जातंय म्हणाले आणि आत गेले. गॅसवर दूध नव्हतं. गॅसच बंद होता. ओट्याला धरून रडले. हे आले, काय झालं विचारलं, मी म्हटलं वैशालीने काम सांगितलं. ते म्हणाले, "मग रडतेस कशाला, करून टाक." असा माणूस.

प्लॅस्टर का केलं नाहीस ते तू सांगितलं नाहीस. नको सांगूस. मला जे पाहिजे होतं ते तू सांगितलंस. पत्रिका तेवढी पेटीत परत टाकते, दुसऱ्या कोणाला तरी दे, छापलेली वाया कशाला घालवायची.

तुझं ते वाक्य बोलताना तुला काय झालं असेल ते मला कळलं. कारण मी ओळखते तुला. ज्या खुर्चीवरून एवढं सगळं झालं तीच तू स्वतःहून उचलून माझ्याकडे सरकवलीस, तेही बोटाएवढ्या भोकातून. माझ्याच्याने नसतं झालं. म्हणून तोंडाने उत्तर देता आलं नाही, लिहून देतेय.

येते मी. आजपासूनच येते. लिफाफे राहिले असतील तर दे, आचाऱ्याचा नंबर दे, रवीला सांग मांडवाचं मी बघते, तो मोबाइलवर बोलताना नुसता हो हो करतो आणि फसतो. हे शर्ट आणायला गेलेत.

पण तुझ्या जागेवर मी बसणार नाही. पुन्हा नाही.

रजेचं बघ. नाही मिळाली तर अर्धा दिवस माग, नाही मिळाला तर तुझी ड्यूटी संपेल तेव्हा ये, रिक्षाने ये, हॉस्पिटलच्या कपड्यांत ये, केसांत पिन असू दे. पाहुण्यांचं मी बघते. शहाडची माणसं थांबतील. प्रीतीची आई थांबेल, तिला मी दोनदा चहा देईन, तिसऱ्यांदा सरबत देईन. हॉलचा मॅनेजर घड्याळ दाखवायला आला तर त्याला माझ्याकडे पाठवा. कोणी म्हणालं मोठीने वाढवलाय, बसू दे मोठीला, तर त्याला सांगेन की मोठीला कामं आहेत.

रात्र झाली तरी होऊ दे. तू येऊन बसेपर्यंत त्या हळदीला मी कोणाला बोट लावू देणार नाही.

ताई